ट्रकातला रेक्टिफायर

येलदरीच्या धरणातलं पाणी आधी टर्बाइन फिरवतं आणि मग पूर्णेच्या पात्रातून खाली सिद्धेश्वरच्या जलाशयात उतरतं. सिद्धेश्वरहून ते कालव्यांवाटे शेतात जातं. दोन्ही धरणं १९६८ची. येलदरीला साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत, म्हणजे साडेबावीस मेगावॅट. या संचांतून निघणारी वीज एसी, सेकंदाला पन्नास आवर्तनांची. आपल्या गावांना हीच वीज माहीत आहे. मोटार हिच्यावर फिरते, गिरणी हिच्यावर चालते, बल्ब हिच्यावर लागतो. पण याच मुलखातल्या जत्रांत तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्या टुरिंग टॉकीजच्या प्रोजेक्टरला ही वीज जशीच्या तशी कधीच चालली नाही. खांबावरची तार तंबूच्या दारापर्यंत आली तरी ट्रकातल्या मशीनला लागणारा प्रवाह एकाच दिशेने वाहणारा, म्हणजे डीसी असावा लागे. मधे एक पेटी असे. ती एसी आत घेई आणि डीसी बाहेर देई. तिचं नाव रेक्टिफायर.

टुरिंग टॉकीजवर आपल्याकडे प्रेमाने लिहिलं गेलं आहे. तंबू, तिकिटाची खिडकी, भोंग्यावरून होणारा पुकारा, जमिनीवर बसलेली माणसं, पहाटेपर्यंत चालणारे खेळ. गजेंद्र अहिरे यांनी २०१३ साली ‘टुरिंग टॉकीज’ नावाचा मराठी चित्रपट केला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या फिरत्या सिनेमावाल्यांबरोबर अनेक वर्षं राहून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. तो २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याची विशेष दखल घेतली गेली. त्या माहितीपटात स्वतःच्या हाताने प्रोजेक्टर घडवणारा एक मेकॅनिकही आहे, आणि माझ्या मते त्या चित्रपटाचा जीव त्याच्यापाशी आहे. तरीही या सगळ्या लिखाणात आणि चित्रणात रेक्टिफायर जवळपास कुठेच नाही. प्रोजेक्टर देखणा असतो, त्याचा फोटो येतो. रेक्टिफायर ही ट्रकाच्या कोपऱ्यात घरघरणारी पत्र्याची पेटी. फिरत्या सिनेमाचा इतिहास त्या पेटीच्या बाजूने सांगितला तर तो वेगळा दिसतो आणि जास्त खराही वाटतो, म्हणून हा लेख.

सुरुवात विजेशिवायच झाली. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली आणि काही वर्षांतच फिरते खेळवाले निघाले. अब्दुलअली युसुफअली या सुरतेकडच्या माणसाने १९०१ पासून सिंगापूर, जावा, सुमात्रा, ब्रह्मदेश, सिलोन असा तंबू फिरवला. १९०८ मध्ये परत येऊन १९१४ पर्यंत तो हिंदुस्थानात हिंडला. त्याचा तंबू शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद, हजारभर माणसं मावतील एवढा. पुढे तोच अर्देशीर इराणींचा भागीदार झाला. त्या काळी वीज नसलेल्या गावी चुन्याच्या खड्यावर वायूची ज्योत सोडून प्रकाश मिळवत. वीज वापरायची तर तीही बरोबर न्यावी लागे: इंजिन आणि त्याच्या पट्ट्यावर फिरणारा डायनामो. हा डायनामो मुळातच डीसी देई, त्यामुळे तेव्हा रेक्टिफायरची गरजच नव्हती. इंजिनाचा वेग डगमगला की पडद्यावरचा उजेडही डगमगे, एवढीच तक्रार.

गरज पडली ती गावोगाव एसी वीज आल्यावर. मालकाला जनरेटरही एसीच परवडू लागला, कारण तंबूतले दिवे, पंखे, भोंग्याचा ॲम्प्लिफायर सगळं एसीवर चालतं. मग प्रोजेक्टरला उजेड देणारी एकटी आर्क तेवढी डीसी मागणारी उरली.

आर्क म्हणजे दोन कार्बनच्या कांड्या. टोकं एकमेकींना टेकवायची, प्रवाह सुरू झाला की किंचित लांब करायची. मधल्या फटीत प्रवाह हवेतून वाहतो आणि टोकं पेटतात. प्रकाशाचा मोठा वाटा फटीतून येतच नाही, तो धन बाजूच्या कांडीच्या टोकाला पडलेल्या खळग्यातून येतो. तिथलं तापमान साडेतीन हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं. हा खळगा एकाच जागी, एकाच कांडीवर टिकला तरच आरशाला त्याचा उजेड गोळा करून फिल्मवर टाकता येतो. एसी दिली तर दर सेकंदाला शंभर वेळा धन-ऋण अदलाबदल होते. खळगा धड या कांडीवर नाही, धड त्या कांडीवर नाही. उजेड अर्धा होतो आणि थरथरतो. डीसी हवी ती यासाठी. धन कांडी जास्त झिजते म्हणून ती जाड घेत. ऑपरेटर दर थोड्या वेळाने गुंडी फिरवून कांड्या जवळ आणी. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटं चालतं, आणि एक-दोन रिळांत कांडी संपत येते.

लहान आर्कला साधारण चाळीस व्होल्टवर पंचेचाळीस ॲम्पियर लागतात, म्हणजे अठराशे वॅट. आर्कचा एक स्वभाव मात्र नीट कळला पाहिजे, कारण रेक्टिफायर बदलताना होणाऱ्या बहुतेक चुका तो न कळल्याने होतात. साध्या तारेत प्रवाह वाढवायचा तर दाब, म्हणजे व्होल्ट, वाढवावा लागतो. आर्कमध्ये उलटं: प्रवाह वाढला की तिचा दाब उतरतो, त्यामुळे प्रवाह आणखी वाढतो. तिला आवर घालणारं काहीतरी वाटेत असावंच लागतं. ११० व्होल्टच्या डीसी लाइनवर चालणाऱ्या जुन्या थिएटरांत हा आवर म्हणजे रेझिस्टन्सची जाळी असे. पंचेचाळीस ॲम्पियरला लाइनमधून जवळजवळ पाच किलोवॅट खेचले जात आणि त्यांतले तीन नुसते जाळी तापवण्यात जात. डिझेल विकत घेणाऱ्या तंबूवाल्याला ही चैन शक्य नव्हती. चांगल्या रेक्टिफायरमध्ये आवर ट्रान्सफॉर्मरमध्येच बांधलेला असे. त्याची गुंडाळी अशी केलेली की जास्त प्रवाह मागितला तर दाब आपोआप पडावा. कांड्या टेकवण्याच्या क्षणी शॉर्टसर्किटच असतं, तरी प्रवाह हाताबाहेर जात नसे, तो या ट्रान्सफॉर्मरमुळे.

आर्कवर सर्वांत सूक्ष्म काम केलं ते हर्था एअरटन या इंग्लिश बाईंनी. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आर्क फुसफुसू लागते. हवेतला ऑक्सिजन खळग्यापर्यंत पोचतो म्हणून हा आवाज येतो, हे त्यांनी १८९०च्या दशकात दाखवलं. १८९९ मध्ये इंग्लंडच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना सभासद करून घेतलं. त्या संस्थेतल्या त्या पहिल्या स्त्री. त्यांचं नाव माहीत नसलेला आपल्याकडचा ऑपरेटरही आर्क बोलायला लागली की प्रवाह जास्त झाला हे कानाने ओळखायचा. तमाशाच्या ढोलकीत, भोंग्यांच्या गदारोळात तो हा एक आवाज वेगळा काढी. मला यात फार मोठं कौशल्य दिसतं.

आता पेटीच्या आत काय काय बदलत गेलं ते पाहू.

मोठ्या थिएटरांत एसी मोटरला डीसी डायनामो जोडलेले जड संच असत, किंवा पाऱ्याचे काचेचे फुगे. पीटर कूपर ह्यूइट यांनी १९०२ मध्ये शोधलेल्या या पाऱ्याच्या रेक्टिफायरच्या तळाशी द्रव पारा असतो. खडबडीत रस्त्यावरून रोज गाव बदलणाऱ्या ट्रकात तो नेणं म्हणजे काच आणि पारा दोन्ही पणाला लावणं. ट्रकाला त्यातल्या त्यात मानवला तो टंगार बल्ब. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकने १९१६ च्या सुमारास आणलेल्या या बल्बात टंगस्टनची तार आणि आर्गॉन वायू. दोन्हींची नावं जोडून टंगार. तापलेल्या तारेचा पांढरा उजेड आणि भोवती जांभळट झाक. हा बल्ब प्रवाहाला एकाच बाजूने वाट देतो. दोष एवढाच की तार जळते, आणि बल्ब शहरातून आणावा लागतो.

मग सेलेनियमच्या चकत्या आल्या. पत्र्यावर सेलेनियमचा थर, अशा अनेक चकत्या एका दांड्यावर ओवलेल्या, मधे हवा खेळायला जागा. फुटायला काच नाही, जळायला तार नाही. एखाद्या जागी दाबाने भोक पडलंच तर आसपासचं सेलेनियम वितळून ते स्वतःच बुजतं. फिरत्या धंद्याला असं सोशिक सामान हवं होतं. पण सेलेनियमला उष्णता सोसत नाही. चकतीचं तापमान साधारण ऐंशी अंशांच्या आसपास गेलं की ती म्हातारी होऊ लागते. जत्रांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत जातो आणि एप्रिल-मे महिन्यांत परभणी-हिंगोलीचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. दिवसभर उन्हात तापलेला ट्रकाचा पत्रा रात्री खेळ सुरू होईपर्यंत गार झालेला नसतो. म्हणजे कारखान्याने गृहीत धरलेली तापमानाची सवलत अर्धी इथेच संपली. त्यात पूर्णाकाठच्या काळ्या मातीची धूळ चकत्यांच्या फटींत बसते, कार्बनची राख आणि कांडीवरच्या तांब्याचे कण तिच्यात मिसळतात, आणि हवा खेळायची ती थांबते. म्हाताऱ्या सेलेनियमचा विरोध वाढत जातो, बाहेर येणारा दाब दरवर्षी थोडा उतरतो, पडदा पिवळा दिसू लागतो. एके रात्री चकती जळते तेव्हा सडक्या मुळ्यासारखा उग्र वास सुटतो. तो धूर विषारी असतो. ट्रकातून उतरून बाहेर येणं हाच उपाय.

पुढची पायरी सिलिकॉन डायोडची. मूठभर सिलिकॉन टोपलीभर सेलेनियमचं काम करतो, दीडशे अंशांपर्यंत तापला तरी चालतो, आणि पन्नास-साठच्या दशकांनंतर तो बाजारात स्वस्त होत गेला. तेव्हा जुन्या पेटीतल्या चकत्या काढून डायोड बसवणं हे काम ठिकठिकाणी झालं. वरवर पाहता दोन तारा सोडवायच्या, दोन जोडायच्या. खरं काम त्याहून नाजूक आहे.

सेलेनियमच्या थप्पीत बराच दाब खर्च होत असे, प्रत्येक चकतीमागे साधारण एक व्होल्ट. सिलिकॉनमध्ये सगळा मिळून एक-दोन व्होल्ट. म्हणजे तोच ट्रान्सफॉर्मर ठेवून डायोड बसवले की आर्कला एकदम काही व्होल्ट जास्त मिळतात, आणि वर सांगितलेल्या स्वभावामुळे थोड्या व्होल्टांनी प्रवाह बराच चढतो. आर्क फुसफुसू लागते, खळगा तुटतो, फिल्मवर पडणारी उष्णता वाढते. यासाठी ट्रान्सफॉर्मरचा टॅप एक पायरी खाली घ्यावा लागतो. दुसरं, सिलिकॉन सोशिक नाही. सेलेनियमला पडलेलं भोक बुजतं. सिलिकॉनवर दाबाचा एक जोराचा झटका आला की तो तिथल्या तिथे शॉर्ट होतो. जनरेटरवर भार एकदम कमी झाला, तंबूतले दिवे एका खटक्यात विझवले, की असे झटके येतातच. म्हणून पन्नास ॲम्पियरच्या आर्कला शंभराहून जास्त ॲम्पियरचे डायोड घ्यायचे, उलट दाब कित्येक पटींनी सोसणारे घ्यायचे, जाड ॲल्युमिनियमच्या पंखांवर घट्ट आवळायचे, आणि झटका गिळायला कंडेन्सर-रेझिस्टन्सची जोडी लावायची.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नवीन डायोड हातात आल्यावर जुना अवजड ट्रान्सफॉर्मर निरुपयोगी वाटतो. त्यात तांबं असतं आणि तांब्याला भाव असतो. तो भंगारात देऊन साधा ट्रान्सफॉर्मर बसवला की आर्कचा आवरच गेला. मग रेझिस्टन्स घाला, तो तापवा, डिझेल जाळा. पेटीतला मौल्यवान भाग तो लोखंड-तांब्याचा गोळाच होता. चकत्या बदलायच्याच होत्या, ट्रान्सफॉर्मर कधीही नाही.

उजेड लागला तरी तो निवांत आहे का हे पडद्यावर पाहावं लागतं. फिल्म सेकंदाला चोवीस चित्रं दाखवते, आणि डोळ्याला लुकलुक जाणवू नये म्हणून शटर प्रत्येक चित्र दोनदा झाकतं, म्हणजे अठ्ठेचाळीस झोत. एका फेजच्या रेक्टिफायरमधून निघणाऱ्या डीसीत सेकंदाला शंभर लाटा असतात. अठ्ठेचाळीसची दुप्पट शहाण्णव. शंभर आणि शहाण्णव यांत चारचा फरक. पडद्यावरचा उजेड सेकंदाला चार वेळा हलकेच श्वास घेतल्यासारखा दिसतो. जनरेटरचा वेग बदलला की हा ठेकाही बदलतो. तीन फेजची वीज असेल तर सहा डायोडांच्या जोडणीतून लाटा तीनशेवर जातात आणि इतक्या उथळ होतात की त्रास संपतो. नाहीतर जड चोक घालून लाटा चपट्या कराव्या लागतात.

आवाजाच्या बाबतीतही हेच. बोलपटाच्या फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते. एक छोटा दिवा तिच्यातून बारीक किरण पाठवतो, पलीकडचा फोटोसेल तो वाचतो. हा दिवा एसीवर लावला तर त्याच्या उजेडातला शंभराचा कंप थेट भोंग्यातून गुणगुण म्हणून ऐकू येतो. म्हणून या एवढ्याशा दिव्यालाही वेगळा, गाळलेला डीसी. चित्र आणि आवाज, सिनेमाची दोन्ही अंगं एकाच गरजेवर उभी होती.

सुरक्षिततेकडे सर्वांत कमी लक्ष गेलं आहे आणि ते मला सर्वांत बोचतं. ट्रक रबरी टायरांवर उभा असतो. रेक्टिफायरच्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कुठे खरवडलं गेलं तर ट्रकाचा अख्खा सांगाडा भारित होतो, आणि टायरांमुळे तो भार जमिनीत जात नाही. पहिला ओल्या पायाचा माणूस फळीवर पाय ठेवतो तेव्हा वाट मिळते. तंबू ठोकण्याच्या आधी अर्थिंगची सळई ठोकली पाहिजे, ओल्या जागी, आणि ट्रकाच्या सांगाड्याशी जाड तारेने जोडली पाहिजे. ट्रकाची स्वतःची बॅटरीही लक्षात ठेवावी लागते: जुन्या ब्रिटिश घडणीच्या अनेक गाड्यांत बॅटरीचं धन टोक सांगाड्याला जोडलेलं असे, आजच्या गाड्यांच्या उलट. त्यामुळे आर्कच्या डीसीचं कुठलंही टोक सांगाड्याला लागू द्यायचं नाही.

नेमकी हीच डोकेदुखी जगाच्या दुसऱ्या टोकालाही आहे. अमेरिकेत पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गाडीमागे ओढायची घरं, एअरस्ट्रीमसारखी, लोक हौसेने दुरुस्त करतात. तिथे १२० व्होल्टची एसी आत येते आणि दिवे, पंप, पंखा बारा व्होल्टच्या डीसीवर चालतात. मधे अशीच घरघरणारी पेटी. जुनी पेटी बॅटरीला सतत एकाच दाबाने भरत राहते आणि तिचं पाणी आटवते. नवीन इलेक्ट्रॉनिक पेटी आधी १४.४ व्होल्टच्या आसपास भरते, मग उतरून तेरा-साडेतेरावर थांबते. पेटी वजनाला हलकी झाली. अर्थिंग, धन-ऋण आणि तारेची जाडी तपासण्याचं काम तेवढंच राहिलं. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. सिद्धेश्वरच्या काठी, औंढ्याला येणाऱ्या भाविकांसाठी अशा गाड्या उभ्या राहिल्या तर ही विद्या इथेही लागेल, आणि ती शिकवू शकणारी माणसं आपल्याकडे जत्रांतून तयार झालेली आहेत.

कार्बनची जागा झेनॉनच्या दिव्याने घेतली तेव्हा पेटी पुन्हा बदलावी लागली. एक किलोवॅटच्या झेनॉनला वीसेक व्होल्टवर पन्नासेक ॲम्पियर लागतात, पण पेटवताना क्षणभर वीस-तीस हजार व्होल्टचा ठोका द्यावा लागतो, आणि डीसी कार्बनपेक्षा कितीतरी सपाट लागते. लाटा राहिल्या तर दिव्याचं टोक लवकर झिजतं. कार्बनच्या रेक्टिफायरवर झेनॉन लावून दिवा अकाली काळा करण्याचा प्रकार त्यामुळेच होतो. मग डिजिटल आलं. फुजीने २०१३ मध्ये सिनेमाची फिल्म बनवणं थांबवलं, प्रिंट येणं संपलं. नव्या प्रोजेक्टरमध्ये रेक्टिफायर आतच, सीलबंद. बिघडला की अख्खं कार्ड बदलायचं. ऑपरेटरच्या हातात उरला तो खटका.

माझं म्हणणं आता थेट मांडतो. मुंबईत १९ जानेवारी २०१९ रोजी भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं, पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. मराठवाड्यातही औंढ्याची महाशिवरात्र, माळेगावची खंडोबाची जत्रा, हिंगोलीचा दसरा अशा ठिकाणी, जिथे माणसं अजून लोटतात, तिथे एखादा तरी जुना सिनेमाचा ट्रक चालू स्थितीत दाखवावा. चालू हा शब्द मी जपून वापरतो आहे. रंगवून काचेमागे ठेवलेला प्रोजेक्टर मला पुरत नाही. रेक्टिफायर, त्याचा मूळ ट्रान्सफॉर्मर, चोक, सोबत जोडणीचा कागद आणि कार्बन सांभाळता येणारा माणूस, एवढं सगळं असेल तर ते जतन. जुन्या ऑपरेटरांना मानधन देऊन आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन मुलांपुढे उभं करावं. आर्कचा आवर आणि सिलिकॉनचा नाजूकपणा एकदा हाताने अनुभवलेल्या मुलाला वेल्डिंग मशीन, सोलरचा चार्जर, ई-रिक्षाचा चार्जर हे सगळं सोपं जाईल.

आणि गोदामात वर्षानुवर्षं पडलेली अशी पेटी कुणाकडे असेल, तर ती थेट लाइनवर लावू नये. आधी धूळ कोरड्या ब्रशने झाडावी, मेगरने ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन तपासावं. सेलेनियमच्या चकत्या असतील तर त्या वापरायच्या नाहीत, पण फेकायच्याही नाहीत. जागच्या जागी ठेवून तारा सोडवाव्यात आणि डायोडची जोडणी शेजारी करावी. फुगे आलेले कंडेन्सर बदलावेत. धड दिसणारे असतील तर व्हेरिॲकने दाब काही तासांत हळूहळू चढवावा, म्हणजे आतला थर पुन्हा तयार होतो. बंद केल्यावर कंडेन्सरमध्ये भार राहतो, तो रेझिस्टन्समधून रिकामा करून मगच हात घालावा. टॅप सर्वांत खालच्या पायरीवर. शेवटी धन-ऋण. मीटर नसेल तर रेझिस्टन्स मधे घालून दोन तारांची टोकं मिठाच्या पाण्यात वेगवेगळी बुडवावीत. जिच्याभोवती जास्त बुडबुडे येतील ती ऋण. ती बारीक कांडीला, दुसरी जाड कांडीला.